इकडील सर्व क्षेम

रविवारची रात्र, म्हणजे खरं तर सोमवार

ठाण्याहून रात्री पाऊण वाजता निघालं की चाळीस मिनिटांत विमानतळ. दिवसा याच रस्त्याला दीड तास कुठे जातो, देव जाणे. आनंदनगरचा टोलनाका, मग कांजूरला वळून लिंक रोड, पवईचा काळोखातला तलाव, साकीनाका. ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांचा टोल बंद झाला, तरी कॅबवाले सवयीने नाक्यावर गाडी हळू करतात आणि एक हात उगाच खिशाकडे नेतात.

पावणेदोन वर्षं माझा आठवडा असा चाललाय. सोमवार ते गुरुवार दुबई, शुक्रवारी घरून काम, शनिवार-रविवार ठाणे. हे गणित जमतं कारण २०२२ च्या जानेवारीपासून अमिरातीत शनिवार-रविवारची सुट्टी लागू झाली. त्याआधी शुक्रवार-शनिवार असायची. तेव्हा मला ही नोकरी मिळाली असती तर माझी सुट्टी आणि मुलाची सुट्टी एकमेकींना फक्त शनिवारी भेटल्या असत्या. जाते मी आणि घर सांभाळतो नवरा. उलटं असतं तर कुणी एक प्रश्नही विचारला नसता.

सामान ठरलेलं. एक केबिन बॅग आणि तिच्यात सासूबाईंनी दिलेला ‘दुबई मसाला’. हा त्यांचाच गोडा मसाला, फक्त खसखस वगळून, कारण खसखस तिकडे बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. दिवाळीत त्यांनी माझ्यासाठी अनारसे तिळावर थापले आणि वर ऐकवलं, "असल्या देशात नोकरी कशी करतेस गं, जिथे अनारसा गुन्हा आहे!" लोणचं हातातल्या बॅगेतून नेता येत नाही, म्हणून ते तिकडेच विकत घेते. मिळतं चांगलं, पण घरी तसं म्हणत नाही.

निघताना मुलगा झोपलेला असतो. आठ वर्षांचा आहे. पूर्वी मी त्याला उठवून निरोप घ्यायचे. त्यात त्याची झोप जायची आणि माझं विमान जायची वेळ यायची, म्हणून सोडलं. आता फ्रिजला कागद लावून जाते: सोमवारी भगवा टी-शर्ट, मंगळवारी लेझीमचा सराव, बुधवारी गॅसवाला. माझ्या मते या कागदावर आमचं घर चालतं.

सोमवार

मुंबईहून पहाटे ४.२५ ला उडून दुबईला सहाला उतरायचं. तीन तासांचा प्रवास, पण घड्याळात दीडच तास जातो. मधला दीड तास फुकट मिळतो आणि गुरुवारी व्याजासकट वसूल होतो.

आज मात्र धुकं होतं. दुबईत धुकं असतं हे मला जाईपर्यंत माहीत नव्हतं. जानेवारीच्या पहाटे तिथली जमीन गार पडते, समुद्रावरून दमट हवा येते आणि धावपट्टी दुधात बुडते. आम्ही पाऊण तास घिरट्या घातल्या. एकदा चाकं खाली येण्याचा आवाज झाला, जमीन येणार म्हणून सगळ्यांनी पाय रोवले आणि विमान कचकन पुन्हा वर गेलं. शेजारच्या मावशी पहिल्यांदाच लेकीकडे चालल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पोहोचलो का?" मी म्हटलं, "जवळजवळ." दुसऱ्या खेपेला उतरलो. घरी मेसेज केला, "पोहोचले. थोडा उशीर झाला." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मला महागात पडणार आहे.

तिकडे रहिवासी कार्ड असलं की स्मार्ट गेटमधून चेहरा दाखवून दोन मिनिटांत बाहेर. आपल्याकडे इतके दिवस जाताना एक आणि येताना एक असे दोन शिक्के बसायचे. माझा ३६ पानी पासपोर्ट दीड वर्षात भरला. नवा ६० पानी घेतला. पुढे मुंबईत विश्वासू प्रवाशांसाठी ई-गेट सुरू झाल्याचं कळलं, तर नाव नोंदवलं. आधी कळलं असतं तर पासपोर्टचे पैसे वाचले असते.

टर्मिनल एकच्या दारातूनच मेट्रो. विनाचालक गाडी. पुढच्या काचेतून रूळ दिसतो आणि मुंबईच्या माणसाला सारखं वाटतं, की कुणीतरी ब्रेकवर हात ठेवायला हवा. बायका आणि मुलांसाठी वेगळा भाग असतो, जमिनीवर गुलाबी पट्टा. तो ओलांडून आलेल्या पुरुषाला १०० दिरहम दंड. खाल्लं-प्यायलं तरी तेवढाच, म्हणून पोळीचा रोल मी स्टेशनाबाहेर उभ्याने संपवते. तिकिटाचे साडेसात दिरहम जातात आणि तासाभराने जेबेल अली येतं.

संध्याकाळी आठ म्हणजे घरचे साडेनऊ, मुलाची झोपायची वेळ. या अर्ध्या तासासाठी मी मीटिंगा मोडल्यात, एकदा साहेबांच्या निरोपसमारंभातून केक न खाता उठलेय. व्हॉट्सअ‍ॅपवर तिथे मेसेज जातात, पण कॉल लागत नाही. इंटरनेटवरचे कॉल परवाना असलेल्या अ‍ॅपवरूनच करता येतात. म्हणून सासूबाईंच्या फोनवर आम्ही बोटिम घालून दिलं. सुरुवातीला त्या म्हणायच्या, "त्या बोटीवरून लाव." मग आमच्या घरात तेच रूढ झालं. आज बोटीवरून पाचचा पाढा, एका हरवलेल्या खोडरबराची चौकशी आणि एक पापा.

मंगळवार

कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर दुबई म्हटलं की लोकांना मॉल आणि सोनंच दिसतं. मी जाते ते जेबेल अलीच्या मुक्त व्यापार क्षेत्रातल्या एका शीतगोदामात. जेबेल अली बंदराचं उद्घाटन १९७९ साली इंग्लंडच्या राणीच्या हस्ते झालं, १९८५ मध्ये शेजारी मुक्त क्षेत्र आलं आणि वाळूत गोदामांचं शहर उभं राहिलं. आमच्या गोदामाच्या साठ्याची संगणकप्रणाली मी बघते. माल कागदावर एक आणि रॅकवर दुसरा निघाला, की मला हाक मारतात.

आज नाशिकची द्राक्षं होती. हंगाम नुकता उघडलाय. न्हावा शेवाला चढलेला कंटेनर समुद्रातून चारपाच दिवसांत इथे येतो. आल्यावर पहिल्यांदा बघायचा तो देठ. मणी कितीही टपोरे असोत, देठ हिरवा असेल तर माल ताजा आणि तपकिरी पडला असेल तर वाटेत कुठेतरी थंडी तुटली. आमचा सुपरवायझर त्रिशूरचा. त्याने एक खोकं उघडलं, घड उलटा धरला आणि अंगठ्याने देठ दाबून पाहिला. चेहरा वाकडा. मग कंटेनरची नोंद काढली. शीतकंटेनर आतलं तापमान दर तासाला लिहून ठेवतो. द्राक्षाला शून्याच्या आसपास लागतं. इथे एका रात्री सलग सहा तास आकडा चढत गेलेला. कुठेतरी प्लग निघाला होता आणि कुणी सांगितलं नव्हतं, पण कंटेनरने सांगितलं. मला ही यंत्रं आवडतात ती यासाठीच. ‘काही नाही, सगळं ठीक आहे’ हे वाक्य त्यांना येत नाही.

या भानगडीत मी दुपारभर गोदामात होते. जाड जाकीट, हातमोजे, आणि फोन बाहेरच्या कपाटात.

संध्याकाळी आठला बोट लावली. पडद्यावर मुलगा आला, हनुवटीवर पांढरी पट्टी.

"आई, तीन टाके!" हा इतका खूश, जणू बक्षीस मिळालंय.

लेझीमच्या सरावात मागच्या मुलाची लेझीम लागून हनुवटी फुटली होती. दुपारी दीडची गोष्ट. शाळेने फोन केला तो यादीतल्या पहिल्या नंबरवर, माझ्या भारतातल्या. तो नंबर तिकडे फक्त ओटीपीचे मेसेज घेण्यापुरता जिवंत असतो. यादीत नवऱ्याचा नंबर वर घ्या, असं मी दोनदा लिहून दिलंय. रजिस्टर काही बदललं नाही. मग शाळेने घरी फोन केला. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांनी वरच्या मजल्यावरच्या काकूंना हाक मारली. काकू स्कूटर घेऊन गेल्या, पोराला पुढ्यात उभं केलं आणि दवाखान्यात नेलं. टाके घालताना हातही त्यांनीच धरला. वाटेत त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर तीन कॉल केले, लागणार कसले? नवरा बीकेसीहून पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

अडीचला आटोपलं आणि मला कळलं साडेनऊला. मधले सात तास नवरा, सासूबाई, काकू, शाळा, बहुधा वॉचमनसुद्धा, सगळ्यांना माहीत होतं. दुपारी मी नवऱ्याला मेसेज केला होता, "सगळं ठीक?" त्यावर अंगठा आला होता.

मुलगा झोपल्यावर आम्ही भांडलो. मी इंग्रजीत भांडायला लागले की प्रकरण गंभीर आहे हे त्याला कळतं. तो एवढंच म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" उत्तर नव्हतं म्हणून जास्त राग आला. रात्री अकराला विमानांची तिकिटं बघितली. होती. किंमत बघितली आणि फोन उलटा ठेवला.

बुधवार

काही घडलं नाही. द्राक्षांचा पंचनामा झाला, फोटो निघाले, ईमेल गेल्या.

डिस्कव्हरी गार्डन्स या वसाहतीत एक स्टुडिओ, म्हणजे एका खोलीचं घर, आम्ही दोघींत मिळून घेतलाय. दुसरी कोट्टयमची नर्स, तिला रात्रपाळी. आम्ही एकमेकींना बहुतेक चपलांवरून ओळखतो. आज ती घरी होती. दुबई मसाल्याची आमटी तिला आवडते, आंबट-गोड का असते ते तिला कळत नाही. टाक्यांचा फोटो दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला. "चांगले घातलेत. चेहऱ्याचे टाके पाच दिवसांत काढतात, नाहीतर वण राहतो," म्हणाली. मग मंगळवारपासून बोटं मोजली. "रविवार. तू घरी असशील." तिची मुलगी अकरा वर्षांची आहे, आजीकडे असते. ती वर्षातून एकदा जाते. माझी तक्रार मी आमटीबरोबर गिळली.

गुरुवार

परतीचं विमान रात्री साडेनऊचं. मीनाबाजारात जाऊन शनिवारच्या हळदीकुंकवाचं वाण घेतलं, खजुराचे चाळीस पुडे. दुकानदार सिंधी, मराठी स्वच्छ बोलणारा, म्हणाला, "ताई, दरवर्षी जानेवारीत तुमच्याकडच्या बायका घाऊक घेतात, मी आता स्टॉक ठेवतो." मुंबईला उतरले तेव्हा घड्याळात रात्रीचे दोन. घरी सव्वातीन. मुलाच्या खोलीत जाऊन मोबाईलच्या उजेडात हनुवटी पाहिली. पट्टी सुटली होती. काळ्या दोऱ्याच्या तीन गाठी, त्वचेवर तीन डास बसल्यासारख्या. त्याने झोपेत हात मारून माझा मोबाईल ढकलला.

शुक्रवार

आठला उठून चहा करायला गेले तर साखर जागेवर नाही. मिठाच्या जागी पोहे. तेलाची किटली ओट्याखालून वर आली होती. दर शुक्रवारी स्वयंपाकघर असं एक-दोन इंच सरकलेलं असतं. वाईट काही नाही, सासूबाईंना वाकता येत नाही, म्हणून सगळं हाताच्या उंचीवर येतंय. पण स्वतःच्याच घरात मीठ कुठेय विचारताना माझा आवाज जरा चढलाच.

"अगं, माझ्या वडिलांनीही हेच विचारलं होतं," सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या.

ही गोष्ट मला माहीत नव्हती. त्यांचे वडील लालबागला गिरणीत. घर राजापूर तालुक्यात. इतर चाकरमान्यांसारखे वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. महिन्याला मनीऑर्डर आणि सोबत दोन ओळी. इकडून आई पोस्टकार्ड लिहायची, म्हणजे सांगायची, आणि सासूबाई लिहायच्या, कारण शाळेत जाणारी तीच एक.

"मला विषमज्वर झाला, एकवीस दिवस पडून होते. पत्रात एक अक्षर नाही. ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवणे.’ बरी झाल्यावर आईने लिहायला लावलं, ‘मध्यंतरी थोरलीस ताप होता, आता हिंडते फिरते.’ मी विचारलं, तेव्हाच का नाही कळवलं? तर म्हणाली, तो तिथे चार माळे चढून खोलीवर जातो, बारा जणांत झोपतो, साच्यावर उभा राहतो. काळजी पाठवून करायचंय काय? साच्यात हात जायचा त्याचा."

"म्हणजे मंगळवारी तुम्हीच सांगितलंत, मला कळवू नका म्हणून?"

"मीच." शेंग फुटली. "टाके पडले, दूधभात खाऊन पोरगं झोपलं. मग सांगायचं ते सांगू म्हटलं."

"आणि वडिलांनी मीठ का विचारलं?"

"ब्याऐंशीचा संप झाला ना. गिरणी सुटली, कायमचे घरी आले. पहिल्या दिवशी जेवताना म्हणाले, मीठ कुठे असतं? तीस वर्षांचा संसार, पण त्यांना मिठाचं मडकं ठाऊक नव्हतं. आई आत जाऊन रडली. का ते तिलाही सांगता आलं नाही."

एवढ्यात माझी अकराची मीटिंग लागली. तिकडचे साडेनऊ. कॅमेऱ्यात मागे शेंगांची परात दिसत होती ती तशीच राहू दिली.

शनिवार

हळदीकुंकवाला तीस-बत्तीस जणी आल्या. अत्तर, तिळगूळ, आणि मग चौकशा. "दर आठवड्याला? बाई गं!" "पण नवरा करतो हो सगळं?" "सासूबाई आहेत म्हणून बरंय." हे तिसरं वाक्य खरं आहे, म्हणूनच ते ऐकायला नको वाटतं. दुसऱ्याला पूर्वी मी उत्तर द्यायचे, आता नवऱ्याला बाहेर बोलावते. तो सरबताचा ट्रे घेऊन येतो आणि प्रश्न आपोआप मिटतो.

वरच्या काकूंना मी दोन पुडे दिले. आभार मानायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा फोन लागत नाही, हे मला कुणी सांगायचं? मला वाटलं, तू मुद्दाम उचलत नाहीस." त्यांच्याही फोनवर बोट घालून दिली.

रात्री मी नवऱ्याला सोमवारचं सांगितलं. चाकं खाली आली, विमान पुन्हा वर गेलं, मावशी, सगळं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "‘थोडा उशीर झाला’ असं लिहिलं होतंस तू."

"हो."

"मी तेव्हा अंगठा पाठवला होता."

दोघेही सर्व क्षेमवाले निघालो. यापुढे लपवायचं नाही, असं ठरलं. किती टिकतं बघू. मी फक्त एवढंच मागितलं की मला घडेल तेव्हा सांगा, मी काही करू शकत नसले तरी. तो म्हणाला, मग तू धावत यायची तिकिटं बघायची नाहीत. त्याला कसं कळलं माहीत नाही. बहुधा आमचं ब्राउझर एकच आहे.

रविवार

आज २५ जानेवारी, रथसप्तमी. सासूबाईंनी गॅलरीत गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध उतू घातलं. मुलगा मन लावून बघत होता, दूध कुठल्या दिशेला सांडतंय ते.

डॉक्टरांनी साडेदहाला बोलावलं होतं. मी आठवडाभर या साडेदहाची वाट पाहत होते. टाके घालताना नव्हते, काढताना तरी हात धरेन. रिक्षा बोलावली, चपला घातल्या, तर चिरंजीव जिन्यात थांबले.

"काकू येणारेत ना?"

"मी आहे ना रे."

"तू ये. पण हात काकू धरतात."

काकू आल्या. पोळ्या अर्ध्यावर टाकून, हाताला कणीक तशीच. टेबलावर तो आडवा झाला, दिवा हनुवटीवर आला. डॉक्टरांनी चिमट्याने पहिली गाठ उचलली, दोऱ्याखाली कात्रीचं टोक सरकवलं, कट्. दोरा ओढताना त्याने काकूंचा हात आवळला. कणकेचे पापुद्रे खाली पडले. दुसऱ्या गाठीला त्याने डोळे फिरवून मला शोधलं. मी पायाशी उभी होते, त्याचे सँडल हातात घेऊन. मी सँडल वर करून दाखवले. तो हसला, तसे डॉक्टर म्हणाले, हलू नकोस. तिसरा दोरा आपोआप आल्यासारखा आला. तिन्ही दोरे त्याने कागदात बांधून मागून घेतले, शाळेत दाखवायला.

सोमवारी २६ जानेवारी. इकडे सगळ्यांना सुट्टी, शाळेत साडेसातला झेंडावंदन आणि लेझीम. तिकडे सुट्टी नाही. साडेसात म्हणजे दुबईचे सहा, धुकं नसेल तर मी तेव्हा उतरत असेन. मी रजा मागितली होती. द्राक्षांच्या प्रकरणात ती अडकली.

रात्री फ्रिजवर कागद लावायला गेले तर तिथे आधीच एक होता. नवऱ्याचं अक्षर. सोमवार: पांढरा सदरा इस्त्री. काकूंना डबा परत. शाळेत नंबर बदलायला प्रत्यक्ष जाणे. माझा कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला.

पाऊण वाजता कॅब आली. बोर्डिंगच्या रांगेत फोन वाजला.

"इकडे सगळं ठीक."

मी लिहिलं, "खरं?"

बराच वेळ तीन टिंबं नाचत राहिली.

"फ्रिजमध्ये दुधाची पिशवी फुटलीय. पुसतोय. आणि तुझा मसाला ओट्यावरच राहिला."